सोनूच्या डोक्यावरची शपथ

गुपचुप कोणी तोडून खाते काय? तुम्हीच सांगा. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी, अख्खी तोंडात गेली पाहिजे, आत फुटली पाहिजे, डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. त्या रविवारी आमच्या ह्यांनी ठेल्यावर गुपचुप हातात घेतलं, नखानं मोडलं, पाणी सगळं शर्टावर सांडलं आणि उरलेला चुरा दोन बोटांनी तोंडात सारला. ठेलेवाला हसला. मी नाही हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिखट आहे," हे म्हणाले.

तिखट म्हणे. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ज्या माणसानं सावजीचा रस्सा वाटीनं पिला आणि वरून अजून मागितला, त्याले गुपचुपचं पाणी तिखट लागून राहिलं होतं. रस्त्यावर काय तमाशा करायचा? सोनूले घेतलं, गाडीवर मधात बसवलं आणि घरी आलो. पण सगळ्या रस्त्यानं मी ह्यांच्या गालाकडंच पाहत होती, आरशातून.

हे म्हणजे दुर्गेश, माझा नवरा. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहेत, शिफ्टची ड्यूटी. मी दिपाली, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. सोनिका आमची एकुलती एक, तिसरीत आहे, घरी सगळे सोनू म्हणतात. आणि मले भेव लागलं होतं ते खर्ऱ्याचं. नागपूरच्या माणसाले खर्रा समजावून सांगायची गरज नाही, बाहेरच्याले सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पानठेलेवाला घोटून घोटून देते. माणूस ती पन्नी खिशात ठेवते आणि दिवसभर चिमूट चिमूट गालात भरते. भरता भरता गाल आतून कडक होते, तोंड उघडणं कमी होते, आणि मग कधी कधी त्याच्याही पुढचं होते. पुढचं काय ते आम्ही शालिकरामच्या घरी पाहून आलो होतो.

शालिकराम ह्यांच्याच शिफ्टमध्ये होता. कंपनीच्या बसमध्ये दोघं एकाच सीटवर बसत, एकाच पन्नीतून खात. गेल्या दिवाळीनंतर त्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही भेटायले गेलो, तं त्याचा खालचा जबडा एका बाजूनं नव्हताच. नळीतून त्याची बायको दूध सोडून राहिली होती. ह्यांना पाहून तो काहीतरी बोलला. 'ये, बस' म्हणाला असन. आम्हाले एक अक्षर समजलं नाही आणि आम्ही दोघंही नुसती मान हलवत राहिलो.

येताना ह्यांनी गाडी मधातच थांबवली, नालीच्या काठावर उभे राहून खिशातली पन्नी फेकली. घरी माझी सासू, बायजाबाई, नरखेडवरून संत्रं घेऊन आली होती. तिनं लेकाचं तोंड पाहिलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "सोनूले आण इकडं." सोनू होमवर्क टाकून आली. "ठेव हात तिच्या डोक्यावर. म्हण, आजपासून खर्रा खाल्ला तं माह्या लेकीचं वाईट होईन."

मी म्हटलं, "आई, एवढं काहून?"

"एवढं केल्याबिगर सुटत नाही बापा. याच्या बापानं देवाची शपथ घेतली होती, थ्या देवाले फसवलं. लेकीले कोणी फसवत नाही."

हे रडत होते. भेदरलेले होते. त्यांनी सोनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणून टाकलं. सोनू मान खाली घालून उभी, हातात पेन्सिल. खरं सांगते, मलेही तेव्हा बरंच वाटलं. माणूस इतका घाबरलेला पाहिला की वाटते, आता हा काही केल्या मागं नाही फिरत.

मग सुरू झालं आमच्या घरातलं महाभारत. हे बडीशेप खात, लवंगा खात, आणि तोंड रिकामं झालं की घरातल्यांना खात. कुकरची शिट्टी झाली तरी ओरडत. माझी शिलाई मशीन बंद कर म्हणत. मी सगळं सहन केलं, म्हटलं होऊ दे, विष बाहेर पडून राहिलं आहे. आणि मग एक दिवस हे शांत झाले. एकदम शांत. सासूले फोन करून मी सांगितलं, तुमच्या लेकाचं सुटलं बरं का. तिनं गावात पेढे वाटले. पेढे! सगळ्या गल्लीनं, सगळ्या नातेवाईकांनी ह्यांचं नाव घेतलं. माझा भाऊ तं आपल्या साळ्याले ह्यांचं उदाहरण देत फिरत होता.

त्या गुपचुपच्या रविवारनंतर मले बाकीचंही दिसायले लागलं. पोळी हे वरणात बुडवून, लगदा करून खात. जांभई आली की तोंडावर हात. ब्रश करताना दरवाजा बंद. आणि बोलताना दात उघडतच नव्हते, शब्द दातांच्या मधातून चपटे होऊन येत. मी एवढे दिवस सोबत राहून ऐकत होती आणि मले वाटत होतं माणूस थकला आहे.

"तोंड उघडा," मी एका सकाळी म्हटलं.

"काहून?"

"मले पाहायचं आहे."

"काही नाही झालं. दाढ दुखून राहिली."

"दाढ दुखते तं दातांच्या डॉक्टरकडं चला. आत्ताच चला, मी सोनूले तिच्या मैत्रिणीकडं, मिनलच्या घरी सोडते."

"तुले एकदा सांगितलेलं समजत नाही काय वं?" हे ओरडले आणि डबा न घेता निघून गेले. त्या दिवशी मी एक ब्लाऊज उलटा शिवला. बाहीच्या जागी गळा कापला. गिऱ्हाईक बाई रागावली, मी ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यापुढून शालिकरामची ती नळी हटतच नव्हती.

मले एक समजून नव्हतं राहिलं. ज्या माणसानं तो जबडा डोळ्यानं पाहिला, तो आपलं तोंड दाखवायले काहून तयार नाही? दुखत असन तं मी पळत जाईन डॉक्टरकडं. भेव असन तं अजून पळत जाईन. मी सासूले बोलावून घेतलं. म्हटलं, या, तुमच्या लेकाले तुम्हीच पाहा.

ती आली आणि माझ्यावरच बिघडली. "माह्या लेकानं सोनूच्या डोक्यावर हात ठेवला हाय. थो खाणार नाही. तुले संशयाची बिमारी झाली वं." मी म्हटलं, "मग तोंड उघडून दाखवायले काय जाते?" पण लेकाले विचारायची तिचीही हिंमत झाली नाही. जेवताना ती त्याच्या ताटाकडं पाहायची आणि मान वळवून घ्यायची.

सोनूले ताप आला तो ह्याच आठवड्यात. दुपारी शाळेच्या ऑटोतून उतरली तीच लाल डोळे करून. चौकातल्या डॉक्टरनं पाहिलं, रक्त तपासलं, म्हणाला व्हायरल आहे, सध्या घरोघरी सुरू आहे, सिरप द्या, पाणी पाजा. मी निवांत झाली. पोट्ट्यांना ताप येते, त्यात काय नवीन?

पण ह्यांचं काय होऊन राहिलं ते मले समजेना. कंपनीत कधी सुट्टी न टाकणारा माणूस, ह्यांनी सुट्टी टाकली. डॉक्टरले पुन्हा पुन्हा फोन केला. रक्त दुसऱ्या जागी तपासून आणलं, तिथंही काही निघालं नाही, तरी ह्यांचा चेहरा पांढरा तो पांढराच. दोनदा देवळात जाऊन आले. आणि एवढं सगळं करून पोरीच्या जवळ काही जात नव्हते. दरवाज्याच्या चौकटीले धरून उभे.

संध्याकाळी सासू मीठ-मिरच्या घेऊन सोनूची दृष्ट काढत होती. ती म्हणाली, "तिकडं काहून उभा हाय गा? बस ना पोट्टीजवळ. डोक्यावरून हात फिरव, बरं वाटन तिले."

"नाही," हे म्हणाले. "मी हात नाही लावत तिले."

असा कोणता बाप म्हणते? मी वाटी खाली ठेवली. सासूची मूठ हवेतच राहिली. आणि पलंगावरून सोनूनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, शाळेतला अभ्यास विचारावा तसं.

"पप्पा, मी आता मरीन काय?"

"काय बोलते वं, मुडदे!" सासू खेकसली.

"पप्पा खातात ना अजून. मग माझं वाईट होणारच."

मी ह्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"तुले कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मी पाहिलं. आमचा ऑटो चौकातून वळते ना, तिथं पप्पा पानठेल्याच्या मागं उभे असतात. हेल्मेट घालून. पण बॅग पप्पाचीच आहे." तिचे ओठ कोरडे पडले होते, मी चमच्यानं पाणी पाजलं. "पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मले खूप भेव लागलं. मग मिनलनं सांगितलं की सुटली म्हटलं की शपथ सुटते. म्हणून पप्पा दिसले की मी डोक्यावर हात ठेवून सुटली सुटली म्हणते. पण मिनल म्हणते ज्यानं घेतली त्यानंच म्हणावं लागते. तसं नाही म्हटलं तं चिकटूनच राहते."

लेकरांचा खेळ आहे तो, आपणही खेळलो आहोत. कोणी शपथ घातली की दुसरा म्हणते, सुटली म्हण. म्हटलं की झालं, मोकळे. ही आठ वर्षांची पोट्टी ऑटोत बसून रोज एकटीच तो खेळ खेळत होती आणि मरायची वाट पाहत होती.

"मले काहून नाही सांगितलं तू?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, नको तेव्हा चढते तो.

"तू ओरडली असती पप्पाले. आजी पण." मग ती ह्यांच्याकडं वळली. "पप्पा, तुम्ही म्हणा ना एकदा. सुटली म्हणा."

हे चौकट सोडून आले आणि पलंगाजवळ खाली बसले. फरशीवरच. म्हणायचा प्रयत्न केला, तो शब्द नीट निघालाच नाही. दात उघडतील तं निघन. सोनूनं कान पुढं केला.

"असं नाही. नीट म्हणा."

ह्यांनी दोन्ही हातांनी गाल दाबले, जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं. "सुटली," म्हणाले. "सुटली बेटा. सुटली." आणि मग असे रडले की शेजारची बाई खिडकीतून पाहून गेली. पाहू दे म्हटलं.

सगळं सांगितलं त्यांनी, तिथंच बसून, सोनूसमोर. बसमध्ये पन्नी सीटवरून सीटवर फिरते. नाही म्हटलं तं लोक म्हणतात, काय गा, मोठा झाला काय? कितीतरी दिवस नाही म्हटलं. मग एक दिवस सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, डोकं फिरलं, आणि एक चिमूट खाल्ली. एकच. घरी आले तं सोनूचा गुडघा फुटलेला, सायकलवरून पडली होती. "मले वाटलं, माझ्यामुळं झालं," हे म्हणाले. "इतकं भेव लागलं दिपा, इतकं भेव लागलं, की दुसऱ्या दिवशी त्या भेवानंच खाल्ला. मग तिले सर्दी झाली तरी माझ्या छातीत धडधड. आणि धडधड झाली की हात खिशात. गालात फोड आली तेव्हा वाटलं तुले सांगावं. पण फोड दाखवली तं खर्रा दाखवावा लागते. आणि खर्रा दाखवला तं मी लेकीच्या जिवावर खाल्ला, हे सांगावं लागते. कसं सांगू? आईनं पेढे वाटले होते."

सासूनं डोक्यावरचा पदर तोंडाशी घेतला. "म्या वाचवासाठी केलं," ती म्हणाली. "माह्या लेकाले वाचवासाठी केलं ना बापा." कोणी तिले काही म्हटलं नव्हतं.

मी मोबाईलचा टॉर्च लावला. "उघडा."

ह्यांनी उघडलं. उघडलं म्हणजे काय, माझं बोट आडवं जाईन एवढंच. आत गाल पांढरा पडला होता, ताणलेला, आणि मागं दाढेजवळ एक जखम. लाल, कडा उचललेल्या. मी टॉर्च बंद केला, कारण सोनू माझ्या तोंडाकडं पाहत होती. "थोडंसं लागलं आहे," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात इतकं घाबरून मी कधी खोटं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दातांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. सोनूचा ताप उतरला होता, पण ती घरी राहायले तयार नव्हती, आणि सासू तं आमच्या आधी चप्पल घालून तयार. डॉक्टर तरुण पोरगी होती, चष्मा, केस वर बांधलेले. तिनं ह्यांना आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालायले सांगितली. एक गेलं, दुसरं अडकलं, तिसऱ्याचा सवालच नव्हता. तिनं आत आरसा घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसते काय म्हणून पाहत होती. काही दिसलं नाही आणि त्यानंच माझा जीव अर्धा झाला.

"ही जखम कधीपासून आहे?"

"संक्रांतीच्या आसपास झाली," हे म्हणाले.

"आणि आज आलात? इतके महिने का थांबलात?"

मीच बोलली. "शपथ घेतली होती त्यांनी मॅडम. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"खर्रा न खाण्याची?"

"हो. ती मोडली. मग तोंड दाखवता येईना."

डॉक्टरनं आरसा ट्रेमध्ये ठेवला. म्हणाली, "जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायले पाठवावा लागेल. काय निघेल ते मी आज सांगू शकत नाही. घाबरू नका असं मी म्हणणार नाही, पण आलात हे चांगलं केलं." मी 'बरं' म्हटलं. खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

सासू मात्र उठली. "आता सोडते थो, मॅडम. आतापासून बंद. सांग गा मॅडमले. सांग, बंद केला म्हणून."

सगळे ह्यांच्याकडं पाहायले लागले. मीही. देवा, मलेही तेच ऐकायचं होतं. खोटं का असेना, त्या क्षणाले ह्यांनी 'बंद' म्हटलं असतं तं मले एक श्वास घेता आला असता.

"मी आज सकाळीही खाल्ला, मॅडम," हे म्हणाले. "इथं बाहेर, गाडी लावताना. भेव लागून राहिलं होतं."

सासू मट्कन खाली बसली. डॉक्टर रागावली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "दिवसाला किती लागतो?" ह्यांनी सांगितलं. मी मनात धरला होता त्याच्या दुप्पट निघाला. तिनं विचारलं, पहिला कधी खाता, कोणासोबत, कशानं आठवण येते. हे एकेक सांगत गेले, त्या मिटल्या दातांच्या मधून, काही न लपवता. औषध आहे, ती म्हणाली, एकदम नाही जमलं तरी दर सोमवारी यायचं, आणि खाल्ला असेल तरीही यायचं. खाल्ला असेल तेव्हा तर नक्कीच यायचं.

सोनू माझ्याजवळून उठली आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, उद्या खाल्ला तं मले सांगाल?"

ह्यांनी डॉक्टरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मले वाटलं आता म्हणतील, उद्या कायले खाईन बेटा. तसं नाही म्हणाले.

"हाव," म्हणाले. "सांगीन."

नर्सनं तुकडा काढायले ह्यांचं नाव पुकारलं. हे उठून आत गेले आणि मी भिंत धरून उभी राहिली.